गटाराचा दावा आणि एक सकाळ

“...पण सर, गटाराच्या पाण्याच्या दाव्याला एवढा खर्च असतो का?”

हेमंत लाटकरला तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश होऊन तीन वर्षं झाली होती. ताठा मात्र अजून कोरा करकरीत होता. समोर बसले होते निवृत्त जिल्हा न्यायाधीश इनामदार, त्याचे गुरू.

“दावा कोण जिंकलं?”

“सुगंधा ढवळे. शिवणकाम करते. शेजारच्या सिमेंटवाल्यानं गटार तिच्या भिंतीवर सोडलं होतं. आता त्याच्याकडून दाव्याचा खर्च मागतेय. मी पाव हिस्साच मंजूर करणार आहे. आदेश उद्या वाचायचाय.”

“काय काय कापलंस?”

“शहरातून आणलेला दुसरा वकील.”

“बरोबर. त्याची गरज नव्हती.”

हेमंत खुलला. “शिवाय दर तारखेची वकिलाची फी, एसटीचं भाडं, बुडालेला रोज. सिमेंटवाला सारखी मुदत मागायचा, ही बाई प्रत्येक तारखेला हजर. म्हणे, शिलाई मशीन गहाण पडलंय. पण दावा केवढा, खर्च केवढा...”

“बस. आलोच,” म्हणून इनामदार उठले.

त्यांनी जास्वंदीला पाणी घातलं. हेमंतनं तोंड उघडलं.

“जरा थांब.”

ते शेजाऱ्याकडे पेपर वाचायला गेले. आले, ते थेट आंघोळीला. हेमंतचा चहा निवला. ऊन ओसरीवर चढलं. त्याला एका बारशाला जायचं होतं, ते राहिलंच. पण गुरूंसमोरून उठणार कसा?

अखेर इनामदार येऊन बसले.

“अजून इथेच? कधीपासून बसलायस?”

“सकाळपासून, सर.”

“एवढ्याशा प्रश्नाला अख्खी सकाळ? जरा जास्तच झालं.”

हेमंतला राग आला, आणि तो लपला नाही.

“मी कुठे बसलो, सर? तुम्हीच बसवून ठेवलंत.”

इनामदार नुसते त्याच्याकडे बघत राहिले...

हेमंतची मान हळूहळू खाली गेली.

“सिमेंटवाल्याला मुदत कोण देत होतं?”

“...मीच.”

“मग कापायच्या होत्या त्या तारखा, तिचा खर्च नव्हे.”