साळूताईंच्या दवाखान्याची तपासणी

एक घनदाट रान होतं. इतकं घनदाट, की तिथे झालेला विकास कुणाच्या नजरेला पडत नसे. तो झाला आहे हे महाराजांच्या भाषणांतून कळे. महाराज म्हणजे तरस. ते बिनविरोध निवडून आले होते, कारण त्यांच्याविरुद्ध अर्ज भरायला निघालेला काळवीट अजून पोचायचा होता.

या रानात ओढ्याकाठी डॉक्टर साळूताई साळिंदर यांचा छोटासा खासगी दवाखाना होता. जांभळाखाली एक बीळ आणि रोग्यांना बसायला बाहेर एक सपाट दगड. सुई लागली की ताई आपल्याच पाठीवरचा काटा उपटायच्या. पंधरा वर्षांत त्यांची डावी बाजू पार बोडकी झाली होती. नंबर लावायची पद्धत नव्हती. ज्याला जास्त धाप, तो आधी. त्यामुळे रोज पहिली असे भागाबाई भेकर. तिला दमा होता. रोजची सुई आणि काढा मिळाला की ती दिवसभर सुखानं चरे. एक दिवस चुकला की श्वास घशातच अडके.

टेकडीवर सरकारी दवाखानाही होता. संगमरवरी. महाराजांनी त्याचं तीनदा उद्घाटन केलं होतं, उघडायचं तेवढं राहून गेलं होतं.

एके दिवशी हुकूम आला: सर्व दवाखान्यांची तपासणी होणार, स्वच्छतेला शंभर गुण. ताई पडल्या सरळमार्गी. रोग्यांचे पाय चिखलाचे म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "उद्याचा एक दिवस कुणी येऊ नका."

"तुमचा दवाखाना टिकला पाहिजे, ताई," भागाबाई म्हणाली. "एक दिवस काय, काढीन कसातरी."

दुसऱ्या दिवशी कोल्हेसाहेब आले. सोबत एका पायावर उभं राहून लिहिणारे कारकून बगळे.

"दाराची उंची?" साहेबांनी विचारलं.

"तीन वीत."

"हत्ती आला तर?"

"साहेब, पंधरा वर्षांत एकही आला नाही."

"म्हणजे हत्तींना सेवा नाकारता. लिहा, बगळे. सुया कुठून आणता?"

"माझेच काटे आहेत. जन्मापासूनचे."

"जन्मापासून विनापरवाना शस्त्रं बाळगता! लिहा. बरं, रोगी कुठायत?"

"मीच येऊ नका म्हटलं, साहेब. स्वच्छतेसाठी."

कोल्हेसाहेब पहिल्यांदाच हसले. "बगळे, ठळक लिहा. एकही रोगी आढळला नाही."

"अहो, उद्या या ना! रांग लागलेली असते!"

"तपासणी आज आहे," साहेब म्हणाले आणि निघाले.

त्याच संध्याकाळी महाराजांची सभा झाली. "रानबांधवांनो, आधीच्या राजांच्या काळात घरोघरी खोकला होता! आज आमच्या पथकानं कसून शोध घेतला. सापडला एक तरी रोगी?"

"नाही!" सगळे ओरडले. ओरडताना निम्मे खोकले. त्या खोकल्याची नोंद टाळ्यांत झाली.

"रोगमुक्त रान, महाराजांचा मान!" अशी घोषणा दुमदुमली. मग जिथे रोगच नाही तिथे दवाखाना चालवणं म्हणजे अफवा पसरवणं, असं ठरून ताईंच्या बिळाला रातोरात सील लागलं. सरकारी दवाखान्याला शंभरपैकी शंभर गुण पडले. तिथल्या फरशीवर आजवर कुणाचा पायच पडला नव्हता.

सकाळी भागाबाई धापा टाकत दगडापाशी आली. ताईंनी धावत जाऊन पाठीवरचा काटा उपटला, पण पहाऱ्यावरचा लांडगा आडवा आला.

"काय होतंय हिला?" त्यानं विचारलं.

आजारी म्हणणं आता गुन्हा होता. ताईंवर बालंट येईल म्हणून भागाबाई कशीबशी म्हणाली, "काही नाही, साहेब. ठीक आहे मी."

दुपारपर्यंत ती त्या दगडावरच गेली. काटा हातात धरून ताई तिच्याजवळ बसून राहिल्या. काल येऊ नको असं आपणच तिला सांगितलं होतं, हे त्यांच्या मनातून जाईना.

दाखला द्यायला कोल्हेसाहेब जातीनं आले. मृत्यूचं कारण या रकान्यात बगळ्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'निरोगी'.

त्या वर्षी रानात जे जे मेले, ते ठणठणीत मेले. तसे दाखले त्यांच्या घरच्यांना महाराजांच्या हसऱ्या फोटोसह घरपोच मिळाले.