कुरणाचे फाटक

एकदा एक तरुण चित्रकार इंग्लंडच्या खेड्यात राहणाऱ्या आपल्या वृद्ध गुरूंकडे मुक्कामाला गेला. गुरू मूळचे साताऱ्याकडचे, पण उभे आयुष्य त्या टेकड्यांत काढलेले. शिष्याला वार्षिक प्रदर्शनासाठी एक चित्र द्यायचे होते. पंधरा दिवस तो ती हिरवी कुरणे, दगडी कुंपणे, खळाळता ओढा पाहून नुसता भारावला होता, आणि भारावलेल्या माणसाच्या हातून काम जरा कमीच होते. उद्या परतीचे विमान, तेव्हा शेवटच्या दिवशी मात्र त्याचा हात असा चालला की तो जेवणही विसरला.

ऊन कडक होते. दुपार कलताना गुरू ओढ्याकाठी आले. चित्र जवळजवळ पुरे झाले होते. कुंपणापलीकडे मेंढ्या बंद फाटकाशी दाटीने उभ्या राहून ओरडत होत्या.

"फाटक कोणी लावलं?" गुरूंनी विचारले.

"मीच, सकाळी. सताड उघडं होतं. आपल्याकडे उघडं दिसलं की लावतोच ना आपण, गुरं पिकात शिरतात म्हणून. शिवाय लावल्यावर चित्राची मांडणीही छान जमली. आणि हा मेंढ्यांचा आवाज ऐकताय ना? सकाळपासून त्याच नादात रंगवतोय."

गुरूंचा चेहरा उतरला. ते तरातरा फाटकाकडे निघाले.

"मास्तर, दोन मिनिटं थांबा. चित्राचं इझल वाटेतच आहे, मी उचलतो."

गुरू थांबले नाहीत. त्यांनी कडी काढली, मेंढ्यांचा लोंढा ओढ्याकडे धावला आणि इझल आडवे झाले. ओल्या चित्रावरून खूर गेले.

शिष्य संतापला. "दोन मिनिटांत काय बिघडलं असतं? माझं वर्ष गेलं, मास्तर."

"गेलं खरं, आणि त्याचं मला वाईट वाटतं," गुरू म्हणाले. "पण त्या टेकडीवर पाण्याचा थेंब नाही. मेंढपाळ बाई उन्हाळ्यात फाटक उघडं ठेवते, ते यांना ओढ्यावर येता यावं म्हणून. इथे फाटक जसं दिसेल तसंच सोडायचं, असा शिरस्ता आहे. तो मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता, ही माझी चूक. पण सकाळपासून त्या पाणी मागत होत्या आणि तुला ते संगीत वाटलं. ज्या गावानं तुला चित्र दिलं, ते कशावर जगतं एवढं तरी विचारायचंस."

शिष्य फाटकाकडे गेला. फाटकापलीकडे एक कोकरू पडून होते; उठायला धडपडत होते, पण पाय धरत नव्हते. त्याने ते उचलून ओढ्याशी आणले, मांडीवर घेतले आणि ओंजळीने पाणी त्याच्या तोंडाशी धरले. पहिल्यांदा पाणी नुसते ओघळून गेले. त्याने पुन्हा ओंजळ भरली. बऱ्याच वेळाने त्याच्या तळव्यावर खरखरीत जीभ फिरली, तेव्हा त्याला रडू आवरेना.

रम्य स्थळी आपले डोळे निवतात, हे खरे. तिथे राहणाऱ्यांची हाक आपल्या कानी पडते का, हेही एकदा तपासून पाहावे.