पळतं नाव

दूधसंघाचे अध्यक्ष भाऊसाहेब झुंजारराव यांचं नाव संघाच्या वेबसाइटवर सोनेरी अक्षरांत उजवीकडून डावीकडे अखंड पळायचं. भाऊसाहेब ते तासन्‌तास बघत बसायचे. वार्षिक सभेच्या अहवालासाठी त्यांनी फर्मान काढलं, "वेबसाइट आहे तश्शी कागदावर उतरवा!"

संघाची वेबसाइट सांभाळणाऱ्या शाल्मलीनं प्रोग्रॅमिंगची एक तयार लायब्ररी वापरून सगळ्या एचटीएमएल पानांची पीडीएफ केली. फोटो आले, रंग आले, तक्ते आले. पण छापील पान बघून भाऊसाहेब भर बैठकीत कडाडले, "माझं नाव थांबलं कसं? आत्ताच्या आत्ता पळालं पाहिजे, नाहीतर तुमचं काम बंद!"

संचालकांनी माना खाली घातल्या. शाल्मली मात्र गोड हसली.

"पळेल की, भाऊसाहेब! स्क्रीन जागची हलत नाही, म्हणून तिथं नावाला पळावं लागतं. कागदाचं उलटं आहे. पान छातीशी धरा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तुम्ही पळा."

आपलं नाव पळणार म्हटल्यावर भाऊसाहेबांनी धोतर सावरलं आणि खरोखरच धूम ठोकली. मागून खजिनदार ओरडले, "भाऊसाहेब, जरा हळू! नाव वाचता येईना!"

वार्षिक सभेत अहवाल वाटला गेला, तेव्हा नाव गपगुमान जागेवर बसलं होतं. भाऊसाहेबही.