शेवंताची कुल्फी आणि चाफ्यातली परी

विषय : कुमारी शेवंता, वय वर्षे नऊ, हिची कुल्फी न गोठण्याबाबत.
संदर्भ : तिने सोनचाफ्याखाली रडत रडत केलेला तोंडी अर्ज.

शेवंताची आई तापाने आडवी पडली होती, म्हणून राजबागेच्या फाटकाशी कुल्फीचं मडकं घेऊन शेवंताच बसत होती. काल तिच्या साच्यांतून नुसतं गोड दूध निघालं. मुकादम भिवाकाका म्हणाले, "पोरी, आज दुपारपर्यंत कुल्फी गोठली नाही तर ही जागा सरबतवाल्याला. नियम म्हणजे नियम!" हा नियम त्यांनी सकाळीच केला होता.

इतक्यात फाटकाजवळच्या चाफ्याच्या पिवळ्याधमक फुलातून बारीकसा आवाज आला, "आई गं!"

फुलात बोटाएवढी परी! पंख चांदीचे, झगा मोरपिशी. पण तिच्या इवल्याशा नाकाला गांधीलमाशी चावली होती आणि ते पंखांपेक्षा जास्त चमकत होतं.

शेवंताने मडक्यातला बर्फ काढून त्या नाकाला धरला. एक तुकडा वितळला की दुसरा. सूज उतरली तेव्हा मडक्यात अर्धाच बर्फ उरला होता.

"आता आजचीही कुल्फी गेली!" शेवंताला रडू फुटलं.

"रडू नको, बाळ. मी थिजराणी. पातळाचं घट्ट करणं हे माझंच खातं. एक इच्छा माग. अटी दोन : तयार वस्तू मिळणार नाही, आणि मी सांगेपर्यंत झाकण उघडायचं नाही."

"माझी कुल्फी गोठू दे!"

परीने झगमगती पुरचुंडी सोडली. आत खडेमीठ निघालं.

"हे? हे तर आई बर्फावर टाकते, पोरांनी तो पळवून चोखू नये म्हणून! मी नाही टाकत. चोखू दे की बिचाऱ्यांना."

परी इतकी हसली की दोन पाकळ्या गळल्या. "अगं वेडाबाई! मीठ लागलं की बर्फ भराभर वितळतो. वितळायला त्याला ऊब लागते, ती तो दुधातून ओढून घेतो. ऊब गेली की दुधातले पाण्याचे कण हुंदडायचे थांबतात आणि एकमेकांचे हात घट्ट धरतात. झालं गोठणं!"

मीठ पडलं. शेवंताने मडकं गदागदा हलवलं. तिचा हात सतरा वेळा झाकणाकडे गेला आणि सतरा वेळा परी ओरडली, "अट!" पोरं गोळा झाली. सरबतवाल्याला घेऊन मुकादमही आले.

"उघड!" शेवटी परी म्हणाली.

साच्यातून कुल्फी सुळकन बाहेर आली. टणक, केशरी, अंगावर हिरकण्या! पोरं नाचायला लागली. मुकादमांनी एक कुल्फी तपासणीसाठी खाल्ली, दुसरी खात्री करण्यासाठी. जागा शेवंताकडेच राहिली.

"जादू खर्चच झाली नाही," परी कुजबुजली. "इच्छा शिल्लक आहे."

"मग बागेतलं तळं एक दिवस गोठू दे. सगळी पोरं त्यावर घसरतील!"

"तळं माझ्या अधिकारात नाही गं. उत्तरेच्या वाऱ्याकडे शिफारस पाठवते." एवढं म्हणून ती सोनेरी लखलखाटात दिसेनाशी झाली.

शिफारस पोहोचल्याचं कळतं. तळं अद्याप पातळ आहे. अर्ज विचाराधीन आहे.