जात्याच्या दोन तळ्या

एकदा एक वृद्ध वैद्य नदीकाठच्या आश्रमात राहत असत. ही कथा अक्षरशः खरी आहे, गळ्याची शपथ. मी स्वतः त्या अंगणात उभा होतो. आता प्रसंग दोनशे वर्षांपूर्वीचा असल्यामुळे माझ्या उभे राहण्यात थोडी अडचण येते, हे मान्य. तेव्हा असे धरून चाला, की उभा दुसराच कोणी होता आणि पाय तेवढे माझे दुखत आहेत.

वैद्यबुवांची कीर्ती मोठी. त्यांचा काढा इतका कडू, की तो प्यायलेला माणूस घरी जाऊन कारल्याला गोड म्हणे. आश्रमाला समोरासमोर दोन ओसऱ्या होत्या. पूर्वेच्या ओसरीवर व्यसनात अडकलेल्यांवर उपचार होत. पश्चिमेच्या ओसरीवर असत मनाने आजारी झालेले लोक. कोणाला अकारण भय वाटे, कोणाची झोप उडालेली, कोणाला जगणेच नकोसे झालेले. मध्ये अंगण. पूर्वेची ओसरी बुवांचा पट्टशिष्य सांभाळी, पश्चिमेची एक वयस्क, मितभाषी वैद्य. शिष्य बुद्धिमान होता. मात्र रोग्यांपेक्षा त्याचे नियमांवर अधिक प्रेम होते.

बुवा वनस्पती आणायला डोंगरात गेलेले असताना म्हाळू नावाचा एक पाथरवट बायकोसह आश्रमात आला. खाणीत दरड कोसळून त्याचा धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत गाडला गेला होता. तेव्हापासून पहाटे जाग आली, की त्याला दगडाखालून हातोडीचे ठोके ऐकू येत आणि छाती दडपून जाई. ठोके थांबावेत म्हणून तो दारू पिई. दारू उतरली, की ठोके दुप्पट.

शिष्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "इतक्या भ्यालेल्या माणसाच्या हातून दारू कशी सुटणार? आधी मन ताळ्यावर आण. पश्चिमेकडे जा."

म्हाळूने अंगण ओलांडले. पश्चिमेचे वैद्य म्हणाले, "तू प्यालेला आहेस. यात तुझे मन कोणते आणि दारू कोणती, मला कसे कळावे? आधी सोड, मग ये."

म्हाळूने पुन्हा अंगण ओलांडले. अकरा दिवस त्याने हेच केले. शेवटी तो अंगणातल्या कडुनिंबाखाली बसला तो उठेनाच.

बाराव्या दिवशी त्याची बायको राहीबाई शिष्यापुढे उभी राहिली. "धाकले वैद्य, एक इचारते. ह्यास्नी मधोमध चिरू का? अर्धं हिकडं ठिवा, अर्धं तिकडं."

"बाई, आश्रमाचा नियम आहे."

"मग त्या नियमालाच सांगा. हे काल म्हनत व्हते, भावाच्या मागं जातो. आता यास्नी माघारी नेलं, तर माझ्या दारात मानूस यायचा न्हाई, निरोप यील."

त्याच दुपारी बुवा परतले. खांद्यावरची झोळी न उतरवताच त्यांनी दोन्ही ओसऱ्यांचे म्हणणे ऐकले. म्हाळूची नाडीही पाहिली नाही. ते स्वयंपाकघरात गेले आणि दोन माणसांच्या मदतीने तिथले जाते अंगणात आणून म्हाळूपुढे ठेवले.

"म्हाळू, पीठ फार भरड येते. जात्याला टाकी लाव, झिजलेले दात पुन्हा कोर. फक्त वरच्या तळीला हं. खालची पुढच्या महिन्यात पाहू."

शिष्य चक्रावला. गुरुजींना प्रवास बाधला असावा! ज्याला पाण्याचा पेला धरवत नाही, त्याच्या हातात छिन्नी?

म्हाळूने मात्र बारा दिवसांत प्रथमच मान वर केली. त्याने वरची तळी उचलून बाजूला ठेवली, खालच्या दगडावरून बोटे फिरवली आणि चक्क चिडला. "बुवा, चेष्टा करताय का गरिबाची? खालची तळी बघा, आरशावानी गुळगुळीत झालीय."

"म्हणून काय झाले? आधी एक, मग दुसरी."

"असं कुठं असतंय? वरच्या तळीला नवे दात काढले आन् ते असल्या गुळगुळीत दगडावर फिरवले, तर चार दिसांत तेबी बोथट हुतील. पुढच्या महिन्यात खालची केली, तर तवर वरची गेलेली! माझा बा सांगायचा, टाकी लावायची तर दोन्ही तळ्यांना, एकाच बैठकीत. न्हाईतर जात्याला हात लावू नये."

बुवा हसले. शिष्याकडे वळून म्हणाले, "काय पंडित, ऐकलेत? याला आधी भय आणि मग दारू असे नाही, आणि आधी दारू आणि मग भय असेही नाही. दोन्ही एकमेकांवर फिरत आहेत आणि मध्ये हा भरडला जातो आहे. तुम्ही याची दारू सोडवाल, आणि पहाटेचे ठोके त्याला पुन्हा तिच्याकडे नेतील. पश्चिमेचे वैद्य भय निववतील, आणि दारू ते पुन्हा जागवील. ओसऱ्या आपण आपल्या सोयीसाठी बांधल्या. माणूस इथे अखंडच आला होता."

शिष्याने पूर्वेच्या ओसरीवरचा आपला पाट उचलला आणि कडुनिंबाखाली आणून मांडला. थोड्या वेळाने समोरून पश्चिमेचे वैद्यही आपला पाट घेऊन आले.

त्या दिवसापासून दोघे म्हाळूला एकत्रच पाहू लागले. त्याची दारू एकदम न तोडता बुवांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत नेली. त्याच दिवसांत भावाविषयी बोलायलाही बसवले. मध्ये एकदा तो गावात जाऊन पिऊन आला आणि फाटकाशीच थबकला. शिष्याने स्वतः जाऊन त्याला आत आणले. पुढे पावसाळा सरता सरता म्हाळूने जात्याच्या दोन्ही तळ्यांना टाकी लावली, एकाच बैठकीत. रेघा थोड्या वाकड्या आल्या. पीठ मात्र इतके बारीक येऊ लागले, की डब्याचे झाकण उघडले तर ढग होऊन नदीपार जाई.

"ठोके?" राहीबाईने विचारले.

"येत्यात कवा कवा," म्हाळू म्हणाला. "पन आता ते आले, की मी कुनाला तरी सांगतो."

आता कबुली. ढग झालेले पीठ मी रचले. वैद्यबुवा, म्हाळू, राहीबाई आणि ते जातेही मीच रचले. त्या दोन ओसऱ्या आणि मधले अंगण मात्र मी रचलेले नाही; व्यसनाचा इलाज एकीकडे आणि मनाचा दुसरीकडे, हे आजही चालते. तुमच्या ओळखीतले कोणी आज त्या अंगणात बसले असेल, तर त्याच्याकडे जाताना एक पाट बरोबर घेऊन जा.