हसाजी काजीनं स्वतःचा निवाडा केला

फार वर्षांपूर्वी, कोकणात खाडीच्या काठी खारवली गावात बेने इस्राएलांची वस्ती होती. ते तेलाचे घाणे चालवायचे, खाडीला बांध घालून मिळवलेल्या खाजणात भात लावायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हसाजी त्यांचा काजी. लग्न लावायचा, प्रार्थना सांगायचा, तंटे मिटवायचा. त्याचा शब्द कोणी मोडत नसे.

एका वर्षी खाडीचं खारं पाणी भातात शिरलं. बांधाचं दार उघडं राहिलं होतं, आणि पाण्याच्या रेट्यानं बांधालाही भगदाड पडलं होतं. काजीचा मुलगा अब्राजी म्हणाला, "मिल्काबाईनं उघडलं, मासे धरायला."

मिल्काबाई एकटी विधवा. काजीनं तिला विचारलंसुद्धा नाही, सरळ वाळीत टाकलं. कोणी विस्तव देईना, कोणी पाणी देईना. बांधापलीकडे राहायला जाताना ती एवढंच म्हणाली, "काजी, एलीची गोष्ट तुम्हीच सांगता ना आम्हाला?"

एली म्हणजे शास्त्रातला म्हातारा याजक. त्याचे मुलगे देवाच्या वाट्याच्या मांसावर हात मारत आणि तो त्यांना आवरत नसे. देवानं मुलांबरोबर बापालाही जाब विचारला.

हसाजी तडक घरी गेला. त्यानं मुलाला समोर बसवलं. "देवाचं नाव घे आणि पुन्हा सांग." अब्राजीनं तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटली. असं म्हणतात, खरं सांगायचं मनात आणलं तेव्हाच ती सुटली.

"दार मीच लावायचं विसरलो, आबा."

काजीची बायको लेयाबाई म्हणाली, "घरातच मिटवा. तिला गुपचूप परत बोलवा."

"निवाडा चारचौघांत दिला," हसाजी म्हणाला, "आणि चूक चुलीपाशी कबूल करू?"

शनिवारी सगळे प्रार्थनेला जमले, तेव्हा तो काजीच्या जागेवर बसला नाही. उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. लोक म्हणाले, "चूक पोराची. तुम्ही कशाला जागा सोडता?"

"मोशेनं आपल्या लोकांना मिसर देशाच्या गुलामीतून सोडवलं. तरी चुकला तेव्हा देवानं त्याला वचन दिलेल्या देशात पाऊल टाकू दिलं नाही. मला सूट कुठली?"

मग सगळ्यांना घेऊन तो मिल्काबाईच्या दारी गेला आणि हात जोडून तिला वस्तीत परत बोलावलं. ती म्हणाली, "माफ केलं. पण बांध अजून फुटकाच आहे."

दुसऱ्या दिवसापासून बापलेक चिखलाच्या पाट्या वाहू लागले. भगदाड बुजत आलं आणि पुनवेचं उधाण चढलं. हसाजी उरलेल्या फटीत पाठ देऊन बसला. पाणी छातीला लागलं, खांद्याला लागलं. तो उठला नाही. असं म्हणतात, हनुवटीपाशी येऊन खाडी थांबली आणि मागे फिरली. त्या वर्षी मिल्काबाईच्या शेतात कणसं सगळ्यांच्या आधी धरली.

आजही खारवलीत, वर्षभराच्या पापांची माफी मागायच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, प्रार्थना चालवणारा आधी प्रार्थनाघराबाहेर उंबऱ्याशी उभा राहतो. "माझ्या हातून कोणावर अन्याय झाला असेल तर बोला," म्हणतो. गावातली सर्वांत म्हातारी विधवा "आत या" म्हणेपर्यंत तो आत जात नाही. बहुतेक वर्षी ती लगेच म्हणते. एका वर्षी ती "आत या" म्हणालीच नाही, आणि त्या दिवशी सगळं गाव त्याच्यासोबत उन्हात उभं राहिलं.