पाहुण्याचे हात

एकदा एका खाडीच्या काठी एक वृद्ध तारी राहत असे. लोकांना होडीतून पैलतीरी नेणे-आणणे हा त्याचा धंदा. सात वर्षे त्याच्या हाताखाली शिकून तयार झालेला एक शिष्य त्याच्याजवळ होता. या शिष्याला नुकतीच मुलगी झाली होती. बायको बाळंतपणासाठी पलीकडच्या गावी माहेरी गेलेली. सव्वा महिना उलटला होता आणि येत्या सोमवारी मायलेकींना घरी आणायचे ठरले होते.

दोन दिवस आधी सकाळीच शिष्य गुरूपुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, पलीकडे जाल तेव्हा माझ्या सासुरवाडीला निरोप द्या. म्हणावं, दिवाळीपर्यंत दोघींना तिथंच राहू द्या."

"का रे?"

"भीती वाटते. पोर एवढीशी, अजून मान धरत नाही. रडली तर का रडते ते मला कळत नाही. माझ्या हातून काही झालं म्हणजे? तिथं जाणत्या बायका आहेत. इथं माझी आईही नाही."

वृद्धाने त्याला समजावले नाही, रागावलाही नाही. "चल, तुझा निरोप तूच दे," म्हणाला आणि होडी सोडली. शिष्य सवयीने वल्ह्याकडे वळला, तर वृद्धाने त्याला हाताला धरून मध्ये बसवले. "आज तू पाहुणा. स्वस्थ बस."

खाडीच्या मध्यावर वारा उठला. तसा तो रोजच उठतो. होडी डुलू लागली, पाणी आत उडाले. ज्या पाण्यावरून शिष्य दिवसाला दहा खेपा गाणी म्हणत करी, त्याच पाण्यात आज त्याने दोन्ही हातांनी होडीचा काठ घट्ट धरला.

"बाबा, उलटेल होडी! वल्हं माझ्याकडे द्या!"

"पाहुण्यानं वल्हं मागू नये."

पण पोराचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून वृद्धालाच राहवेना. त्याने वल्हे दिले. दहा-बारा हात मारल्यावर शिष्याच्या जिवात जीव आला.

"वारा पडला का रे?"

"नाही."

"मग भीती कुठं गेली?"

शिष्य वल्हवत राहिला. वृद्ध सावकाश बोलू लागला.

"सासुरवाडीला गेलास की पाट मांडतात, गोडधोड वाढतात. पोर दारातून दाखवतात आणि आत नेतात. बाळ कसं, बाळंतीण कशी, सगळे विचारतात. तू कसा आहेस, हे कुणी विचारलं? तुझ्यात खोट नाही, लेकरा. तुझे हात रिकामे ठेवलेत. मीही असाच पाहुणा राहिलो. माझा मुलगा चालू लागला तेव्हा कुठं मी त्याला उचललं. आजही काही सांगायचं असलं, की तो मला ओलांडून आईकडे जातो."

होडी पैलतीराला लागली आणि दोघे शिष्याच्या सासुरवाडीला पोचले.

आपल्याकडे जावयाचा मान फार. तो पाणी प्यायला उठला तरी घरभर धावपळ उडते. त्या घरीही सासूने लगबगीने पाट मांडला. जावई बसला नाही.

"आई, पोरीला आज मी न्हाऊ घालू? तुम्ही शिकवा."

"अगोबाई! जावईबापूंनी का हे करायचं?"

आतून त्याची बायको बाहेर आली. "करू दे गं आई," म्हणताना तिचे डोळे भरून आले. "सोमवारपासून सगळं मला एकटीला कसं जमेल, या काळजीनं माझा जीव अर्धा झालाय."

भिणारा आपण एकटाच नव्हतो, हे त्याला तेव्हा कळले. तो न्हाणीत पाय पसरून बसला. सासूने पोर त्याच्या पायांवर निजवली, त्याचा तळवा तिच्या मानेखाली नेऊन ठेवला आणि कोमट पाण्याचा तांब्या ओतला. पोरीने टाहो फोडला. पण बापाने तिच्या मानेखालचा हात काढला नाही.

अंगणातून वृद्धाने हाक दिली, "निरोप द्यायचा होता ना रे?"

"दिला, बाबा," पोरीवरची नजर न काढता तो म्हणाला. "सोमवारी दोघींना न्यायला येतोय."